नकाशात नाही म्हणून नदीत नाही?

नदीवर बंधारा घालायचा असो, वाळूचा लिलाव काढायचा असो की काठ बांधून काढायचे असोत, आपल्याकडे पाण्याचा हिशेब मांडला जातो, पैशाचा मांडला जातो, बुडणाऱ्या जमिनीचाही निदान कागदोपत्री मांडला जातो. माशांचा विषय मात्र अहवालाच्या शेवटी दोन ओळींत उरकला जातो. आता त्या दोन ओळींच्या जागी रंगीत नकाशा ठेवण्याची भाषा सुरू झाली आहे. नदीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा उतार, रुंदी, खोली, प्रवाहाचा वेग, तळाची वाळू-खडी आणि काठची सावली यांची माहिती भरायची, त्यांतल्या काही तुकड्यांत जाळे टाकून माशांची पिल्ले सापडतात का ते पाहायचे आणि त्या आधारावर, जिथे कोणी गेलेलेच नाही अशा उरलेल्या तुकड्यांत पिल्ले असण्याची शक्यता शून्य ते एक यांमधल्या आकड्यात काढायची, ही त्या संख्याशास्त्रीय मॉडेलमागची पद्धत. खानदेशातल्या तापी आणि गिरणेच्या खोऱ्यात या विषयावर जो वाद कानावर येतो, तो मात्र फार ढोबळपणे घातला जातो. एक बाजू म्हणते, मॉडेल हे विज्ञान आहे, त्याने 'येथे शक्यता नगण्य' म्हटले की विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, संगणकाला नदी काय कळते, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उतरणाऱ्या भोई-कोळ्यांना विचारा. माझे म्हणणे असे की मॉडेल आपल्याला हवेच आहे, आणि ते पिल्ले कुठे शोधावीत हे ठरवण्यासाठी हवे आहे. पिल्ले कुठे नाहीत याचा दाखला म्हणून ते वापरणे गैर आहे, आणि तसा दाखला देण्याची ताकद त्याच्या गणितातही नाही.

पिल्लांचाच प्रश्न का, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मोठा मासा पाणी आटू लागले की डोह गाठतो, पूर आला की वर चढतो. पिल्लाला ते जमत नाही. त्याला पहिले काही आठवडे जी जागा मिळेल तिथेच जगायचे किंवा मरायचे असते, आणि ही जागा जातीगणिक वेगळी असते. पावसाळा ओसरल्यावर गवताने भरलेल्या, संथ पाण्याच्या कडेला गेलात तर मरळीच्या पिल्लांचा पुंजका दिसतो: शेकडो लालसर, बोटाच्या पेरापेक्षाही लहान जीव एकत्र वर येतात, हवा घेतात, पाण्याच्या पृष्ठभागावर रिमझिम पावसासारखी थरथर उठते आणि पुंजका पुन्हा खाली जातो, त्यांच्याखाली, गढूळ पाण्यात, राखण करणारे आईबाप असतात. सातपुड्यातल्या ओढ्यात दगड उचलून पाहिला तर तिथे मळ्या असतो, तोंडाखालच्या चकतीने खडकाला चिकटून जोरदार प्रवाहात तगणारा. नर्मदेत आढळणाऱ्या आणि तापीच्या खोऱ्यातूनही नोंदल्या गेलेल्या महासीराच्या पिल्लांना खडीवरून खळाळणारे उथळ, स्वच्छ पाणी लागते. रोहू-कटल्याची गोष्ट आणखी निराळी: त्यांची अंडी पुराच्या पाण्यात सुटतात, वाहत जातात, एका दिवसाच्या आत फुटतात आणि जिरे, म्हणजे त्यांतून निघालेली इवली पिल्ले, भलत्याच ठिकाणी काठाला लागते. म्हणजे 'येथे मासे आहेत का?' या एका प्रश्नाखाली किमान चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत, आणि त्या प्रत्येकाचे उत्तर ऋतूनुसार बदलते.

या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे नाहीत, आणि ती का नाहीत यालाही इतिहास आहे. मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय निवेदक म्हणून दख्खनमध्ये फिरलेल्या कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास भीमा आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. फ्रान्सिस डेचा भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात आला. तेव्हापासून आपण याद्या करत आलो आहोत. कोणत्या नदीत कोणता मासा, हे याद्या सांगतात. त्याची पिल्ले नदीच्या कोणत्या वळणावर, कोणत्या महिन्यात, किती खोलीत वाढतात, हे सांगत नाहीत. ज्यांना ते ठाऊक असणे भाग होते, ते पुराच्या पाण्यातून जिरे गोळा करणारे लोक होते, कारण तळ्यात सोडायचे बीज नदीतूनच आणावे लागे. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतळच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहूच्या कुळातल्या, माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, पुढे बीज टाक्यांत तयार होऊ लागले, आणि देशाच्या मत्स्योत्पादनाला त्याचा प्रचंड लाभ झाला. पण त्याच यशाबरोबर नदीत पिल्ले कुठे वाढतात, हा प्रश्न सरकारी दृष्टीने निकालात निघाला. धरणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली की कर्तव्य संपले, ही समजूत तेव्हापासून रुजली.

आता मॉडेलला विरोध करणाऱ्यांचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. मासेमारांना नदी ठाऊक असते, आणि ते ज्ञान कोणत्याही तक्त्यात मावत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. कोणता डोह चैत्रातही आटत नाही, कोणत्या नाल्याचे पहिले पाणी आले की मासा चढतो, हे सांगणारी माणसे आजही तापीच्या काठावर आहेत, आणि त्यांना न विचारता केलेले कोणतेही सर्वेक्षण मुळातच लंगडे असते. परंतु या ज्ञानालाही सीमा आहेत, आणि त्या सांगण्यात मासेमारांचा अनादर नाही. जाळे टाकले जाते ते विकण्याजोग्या माशासाठी. त्याच्या आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, पिल्लू निसटते, आणि ते निसटावे अशीच अपेक्षा असते. जाळे टाकले जाते ते गावाजवळच्या, उतरायला सोप्या, खात्रीच्या पाण्यात; दोन गावांमधल्या निर्जन पट्ट्यात फारसे कोणी जात नाही. शिवाय आजोबांनी पाहिलेली नदी आता उरलेली नाही. गिरणा धरण १९६९ चे, उकाई १९७२ चे. त्यानंतर तापीवर हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा अशी पाणी अडवणारी कामे झाली. वर चढणाऱ्या माशाची वाट जिथे तुटली, तिथे वाट होती तेव्हाची आठवण आजच्या पिल्लांचा पत्ता कसा सांगणार? आणि आणखी एक कटू गोष्ट आहे: प्रकल्पाच्या सुनावणीत मासेमार उभा राहून 'येथे पिल्ले असतात' म्हणतो तेव्हा ते 'स्थानिकांचे म्हणणे' म्हणून नोंदले जाते आणि बाजूला पडते. त्याच्या म्हणण्याला तुकड्याचा क्रमांक, महिना आणि संख्या यांचे पाठबळ मिळाले, तर ते बाजूला सारणे तितके सोपे राहत नाही.

नदीच्या प्रश्नात संख्याशास्त्राने लोकांच्या बाजूने काम केल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९२६ साली ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला, तेव्हा नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, म्हणून काठचे बांध उंच करा, असे अभियंत्यांचे मत पडले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या आणि पात्र वर आलेलेच नाही, पुराचे कारण वरच्या खोऱ्यातल्या अतिवृष्टीत आहे, असे दाखवून दिले. अनुभवी डोळ्यांना जे उघड दिसत होते, ते आकड्यांनी खोटे ठरवले. 'डोळ्यांना दिसते तेच खरे' हा आग्रह मासेमारांच्या बाजूने धरला की आज बरा वाटतो, पण हाच आग्रह उद्या ठेकेदाराच्या तोंडीही शोभून दिसेल, कारण त्याच्याही डोळ्यांना कोरड्या पात्रात मासा दिसत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनारपट्टीवर कोहो सॅमन या माशाच्या पिल्लांसाठी केलेले काम मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रवाहाचा उतार, खोऱ्याची मोकळीक (प्रवाहाला दोन्ही बाजूंना पसरायला किती जागा) आणि सरासरी प्रवाह एवढ्या तीनच गोष्टींवरून कोणत्या तुकड्यांत पिल्ले वाढवण्याची अंगची क्षमता आहे, याचा अंदाज बांधला गेला. कोहोसाठी उत्तम ठरलेल्या तुकड्यांपैकी बरेचसे खालच्या सपाट खोऱ्यांत, खाजगी जमिनींतून जाणारे निघाले. संरक्षणाचे लक्ष मात्र वरच्या सरकारी जंगलांकडे जास्त होते. आज जिथे जाऊन पाहिले तर फारसे काही दिसणार नाही, पण जागा सुधारली तर पिल्ले वाढू शकतात, अशी ठिकाणे नुसत्या निरीक्षणाने कधीच हाती लागत नाहीत. तापीला मिळणाऱ्या, बिघडलेल्या पांझरेत किंवा बोरीत आपल्याला नेमकी हीच ठिकाणे शोधायची आहेत.

मॉडेलच्या समर्थकांचाही एक मुद्दा मी विनाशर्त मान्य करतो. सातशे किलोमीटरहून लांब तापी, तिला मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई, आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. हे सगळे चालून पाहणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. पूर्ण माहिती मिळेपर्यंत थांबा म्हणणे म्हणजे माशांचा विचार न करताच काम सुरू होऊ देणे आहे, कारण प्रकल्प थांबत नाहीत, फक्त माशांचे प्रकरण थांबते. अपुऱ्या माहितीतून काढलेला प्रामाणिक अंदाज कोऱ्या पानापेक्षा नक्कीच बरा. पण तो प्रामाणिक आहे की नाही, हे ठरवायचे कसे? अडचण इथून सुरू होते.

पहिली गोष्ट रिकाम्या जाळ्याची. पिल्ले असूनही ती एका खेपेत सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे असे धरा. पावसाळ्यातल्या गढूळ तापीत एवढी धरणेही उदारपणाचे आहे. त्याच जागी तीनदा गेलात तरी तिन्ही वेळा हात रिकामे राहण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे सुमारे २२ टक्के उरते. पिल्ले असलेल्या शंभर जागांपैकी बावीस जागा 'पिल्ले नाहीत' अशा नोंदल्या जातील, आणि मॉडेल त्या चुकीच्या नकारावरूनच नदी शिकेल. पाच खेपा केल्या तर ही चूक आठ जागांवर येते. न सापडणे आणि नसणे यांतला फरक हिशेबात धरणाऱ्या पद्धती संख्याशास्त्रात वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत. त्यांची एकच अट असते, की त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. एका दिवसात, एका फेरीत उरकलेल्या पाहणीतून हा फरक कोणतेही गणित काढून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट 'नव्वद टक्के अचूक' या शब्दांची, ज्यांचा मला मनापासून संताप येतो. समजा, नदीच्या शंभर तुकड्यांपैकी दहांतच पिल्ले आहेत. आता 'कुठेच पिल्ले नाहीत' एवढे एकच वाक्य सांगणारे मॉडेल घ्या. ते नव्वद तुकड्यांबाबत बरोबर ठरते, म्हणजे नव्वद टक्के अचूक, आणि ज्यासाठी ते बनवले त्या कामात पूर्ण निकामी. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पिल्ले असलेल्या दहांपैकी किती तुकडे त्याने ओळखले? हा आकडा न देता केवळ एकूण अचूकता सांगणाऱ्या अहवालावर कोणत्याही समितीने शिक्का मारू नये.

या दोन्ही चुका गणितात दुरुस्त होऊ शकतात. खानदेशातली खरी गफलत गणिताच्या आधीच होते, आणि ती समजण्यासाठी एप्रिलमधली गिरणा डोळ्यांसमोर आणावी लागेल. पात्र कोरडे आहे, आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळ सोडलेले पाणी, संपून काही आठवडे झाले आहेत, वाळू तापली आहे. वाळू उपसून झालेल्या एका खोल खड्ड्यात मात्र हिरवट पाणी साचून राहिले आहे आणि त्या पाण्यात मासेच मासे आहेत. पाहणी करणारा तिथे पोहोचतो, जाळे टाकतो, ते भरून निघते. नोंद होते: खोली जास्त, प्रवाह शून्य, तळ उपसलेला, पिल्ले विपुल. अशा वीस-पंचवीस नोंदी मॉडेलला दिल्या तर ते निर्दोष गणित करून सांगेल की पिल्लांना उपशाचे खड्डे मानवतात. ती पिल्ले तिथे आली आहेत ती दुसरीकडे कुठेच पाणी उरले नाही म्हणून; मे महिन्याअखेर तो खड्डा आटेल किंवा त्यातला प्राणवायू संपेल आणि त्यातले एकही पिल्लू पुढच्या पावसाळ्याला जिवंत राहणार नाही. उलट, न उपसलेली वाळू आपल्या पोटात पाणी धरून ठेवते आणि ते झिरपून खालच्या डोहाला मिळत राहते, म्हणजे पिल्लांना जगवणारी वाळू 'मासे नाहीत' या रकान्यात जाते. जिथे गर्दी तिथे जागा चांगली, हे समीकरण प्राण्यांच्या बाबतीत फसवे आहे, असा इशारा जीवशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दिला होता. आटणाऱ्या नदीत तर ते दरवर्षी फसते. म्हणून पिल्ले कुठे दिसली यापेक्षा ती कुठे टिकली हे महत्त्वाचे, आणि त्यासाठी पावसाळ्यानंतर एकदा, हिवाळ्यात एकदा आणि कडक उन्हाळ्यात एकदा, त्याच जागा पाहाव्या लागतात.

मॉडेल एका नदीवर बनवून दुसरीवर चालवण्याचा मोहही असाच. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर आणि गोमाई तापीला मिळेपर्यंत आखूड आणि त्यांचे वरचे पात्र खडकाळ; सह्याद्रीत उगम पावणारी गिरणा लांब पल्ल्याची, आणि धरणाखाली तिचा प्रवाह पावसापेक्षा कालव्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या वेळापत्रकावर ठरणारा. ज्या नदीला वर्षातले काही दिवसच आवर्तनाचे पाणी दिसते, तिचा 'सरासरी वार्षिक प्रवाह' हा आकडा पिल्लाच्या दृष्टीने निरर्थक आहे. पाणी कोणत्या आठवड्यात सुटले आणि कोणत्या दिवशी एकाएकी बंद झाले, यावर त्याचे जगणे ठरते. परदेशांत प्रवाह बारमाही असूनही हा मोह अंगाशी आला आहे. १९८८ साली अमेरिकी वनखात्याने प्रसिद्ध केलेल्या एका आढाव्यात प्रवाहातल्या माशांच्या प्रमाणाचा अंदाज देणारी, १९५० ते १९८५ या काळातली ९९ मॉडेले तपासली गेली. बरीचशी थोड्या नमुन्यांवर उभारलेली होती, आणि जी आपापल्या प्रवाहात चोख बसत होती त्यांचा दुसऱ्या प्रवाहात फारसा उपयोग नव्हता. तेव्हा अनेरवर बनवलेल्या मॉडेलची परीक्षा अनेरच्याच शेजारच्या तुकड्यांवर घेऊन ते उत्तीर्ण झाल्याचे सांगू नये. एकाच पाण्याने जोडलेल्या शेजारच्या जागा एकमेकींसारख्या असणारच. परीक्षा घ्यायची तर गोमाईवर घ्या, आणि पुढच्या वर्षी घ्या.

यावर उत्तर मिळते की चुकत-माकतच मॉडेले सुधारतात, हवामानखात्याचे पाहा ना. उदाहरण योग्य आहे, पण त्यातून निघणारा धडा वेगळा आहे. १९०४ साली हवामानखात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाशी आणि तापमानाशी आपल्या पावसाचे नाते जुळवून समीकरणे बसवली. त्यांतली अनेक नाती पुढे विरली. १९८८ पासून वापरात असलेल्या १६ घटकांच्या मॉडेलने २००२ साली पाऊस सर्वसाधारण राहील असे सांगितले, त्या जुलैत पावसाने दडी मारली आणि हंगाम सरासरीच्या ८१ टक्क्यांवर संपला. पुढच्याच वर्षी मॉडेल बदलावे लागले. का बदलावे लागले? कारण भाकीत आकड्यात, जाहीरपणे केले होते आणि तालुक्या-तालुक्यात पर्जन्यमापक होते. चूक लपवता येणारी नव्हती. माशांच्या पिल्लांसाठी असा पर्जन्यमापक कुठे आहे? जिथे 'शक्यता नगण्य' म्हटले तिथे काम होऊन जाते, जागाच उरत नाही, आणि भाकीत चुकले होते हे सिद्ध करणारा पुरावा त्या कामाखालीच गाडला जातो. स्वतःची चूक उघड होण्याची वाट जे मॉडेल स्वतःच बंद करते, ते सुधारणार कसे?

कागदावरच्या आकड्याने प्रत्यक्षाचा निकाल लागला की काय होते, हे जळगाव जिल्ह्यातल्या केळी उत्पादकांना समजावून सांगावे लागत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या तापमानावर. बागेत पाने करपली असली तरी केंद्राचा पारा ठरलेल्या मर्यादेच्या अलीकडे राहिला तर शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. तिथे निदान शेतकरी बोलू शकतो, मोर्चा काढू शकतो, लोकप्रतिनिधीला गाठू शकतो. मरळीच्या पिल्लांच्या वतीने तक्रार करायला येणारा कोण? फार तर एखादी मच्छीमार सहकारी संस्था, जिच्याकडे ना नकाशा वाचणारा माणूस आहे ना तज्ज्ञाला द्यायला पैसे. म्हणून पुराव्याचा भार उलटा असला पाहिजे: मॉडेलने 'आहेत' म्हटले तर ते काम थांबवून पाहणी करण्यास पुरेसे कारण मानावे, 'नाहीत' म्हटले तर ते केवळ पाहणीचा क्रम ठरवण्यापुरते धरावे.

राहता राहिला आक्षेप तहानेचा. अवर्षणाने होरपळणाऱ्या मुलखात माशांच्या पिल्लांची चिंता करणे ही चैन आहे, असे कोणी म्हणाले तर मी त्याला दोष देणार नाही. ज्या गावाने टँकरची वाट पाहिली आहे, त्याने गिरणेवरच्या बंधाऱ्यांची मागणी करणे रास्तच आहे. पण पिल्लांची माहिती गोळा करणे म्हणजे बंधारा नाकारणे नव्हे. बंधाऱ्याची जागा अर्धा किलोमीटर वर की खाली, दरवाजे कोणत्या आठवड्यात उघडायचे, आवर्तन एकदम बंद करायचे की दोन-तीन दिवसांत उतरवत आणायचे, कोणता डोह वाळूच्या लिलावातून वगळायचा, असे हे निर्णय आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी फारसे खर्ची पडत नाही. शिवाय डोह जगला तर काठच्या विहिरींनाच त्याचा आधार होतो.

खर्चाचे म्हणाल तर सुरुवात अवघड नाही. जिल्ह्या-जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र विभाग आहेत, मच्छीमार संस्थांचे सभासद तसेही पाण्यात उतरतात. दोघांना एकत्र आणून अनेर, गोमाई, पांझरा आणि गिरणा या चार नद्यांवर ठरावीक जागा निवडाव्या आणि वर्षातून तीन ऋतूंत प्रत्येक जागी किमान तीन-तीन खेपा कराव्या. वहीत तारीख, पाण्याची खोली, जाळ्याचा आस, आवर्तन चालू होते की बंद, आणि सापडलेल्या पिल्लांची जात व संख्या असावी. मासेमारांना या कामाचे रोजंदारीने पैसे मिळावेत आणि नोंदीवर त्यांचे नाव असावे. जिथे जाळे रिकामे आले ती खेपही तितक्याच काळजीने लिहावी. बहुतेक वह्यांत नेमकी तीच गाळली जाते, आणि तिच्यावाचून मॉडेलला न सापडणे आणि नसणे यांतला फरक कधीच कळणार नाही. या वह्या जिल्हा पातळीवर सर्वांना पाहता याव्यात, आणि वाळूगटांचे (नदीतल्या वाळू उपशासाठी नेमून दिलेल्या पट्ट्यांचे) लिलाव ठरवताना त्या वर्षीचा नकाशा व त्यातली प्रत्येक तुकड्याची अनिश्चितता सुनावणीच्या किमान महिनाभर आधी ग्रामसभेसमोर मराठीत ठेवली जावी.